सतरा नर, अकरा माद्या

प्रश्न : अक्का नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात खेड्यात राहतो. पोरांना लाव्ह्याची अंडी लई आवडतात म्हणून मेच्या शेवटी ओळखीतनं ४० अंडी आणली आणि छोट्या इनक्युबेटरमध्ये ठेवली. मधे दोनदा करंट गेला तरी २८ पिल्लं निघाली आणि सगळी जगली, आम्हाला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. आता मोठी झाल्यावर मोजतोय तर १७ नर आणि ११ माद्या! सगळी एकाच पिंजऱ्यात आहेत. तीन माद्यांच्या डोक्याची पिसं गेलीत, एकीला तर रक्त आलंय. अंडी रोज चार-पाचच मिळतात. नर पहाटे तीनला ओरडायला सुरू करतात, शेजारचे आजोबा दोनदा येऊन सांगून गेले. मालक म्हणतात मागच्या शेतात सोडून देऊ, जातील उडून. सासूबाई म्हणतात श्रावणात घरात रक्त नको. मला तर मारायचं नाव काढलं तरी पोटात कसंतरी होतं. नरांचं करायचं काय ते सांगा.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पत्र पूर्ण वाचायच्या आधी आजच एक काम करा, पिंजरा वेगळा करा. माद्या एकीकडे, नर एकीकडे, आणि रक्त आलेली मादी तिसरीकडे एकटी. दुसरा पिंजरा नसंल तर भाजीचा प्लास्टिकचा क्रेट उलटा करून वर वजन ठेवलं तरी दोन दिवस निघतात. बाकीचा विचार नंतर करू, रात्री झोपताना १७ नर त्या ११ जणींबरोबर नकोत एवढंच.

डोक्याची पिसं का जातात, तर लाव्ह्याचा नर मादीवर चढताना तिच्या मानेची-डोक्याची पिसं चोचीत धरतो. एक नर चार माद्यांत फिरत असला तर कोणाला कळत पण नाही, पण एकेका मादीमागं दीड नर लागले की दिवसभर तेच चालतं, पिसं जातात, मग कातडी सोलते, आणि लाल दिसलं की बाकीचे सगळे तिथंच टोचत बसतात, माद्या पण टोचतात. फक्त एक बघा, जखम डोक्याच्या मागं मानेकडं आहे का टाळूवर पुढं? मागं असली तर नराचं काम. टाळूवरच असली तर पिंजऱ्याचं छत बघा, कारण लाव्हा दचकला की सरळ वर उडी मारतो, रॉकेटसारखा, आणि जाळीवर डोकं आपटतो. छत साधारण एक फुटाच्या आत ठेवावं म्हणजे उडीला जोर मिळत नाही, नाहीतर जाळीच्या खालून पोत्याचं कापड ताणून बांधावं. जखमेला उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं पुसा आणि मेडिकलमध्ये मिळणारं पोव्हिडोन आयोडीन लावा. पावसाळ्यात माशा बसून किडे पडतात, म्हणून खपली धरेपर्यंत एकटीच ठेवा, जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा टाका.

अंडी कमी याचं सगळं खापर नरांवर फोडू नका हां. तुमच्या माद्या सहा-सात आठवड्याच्या आहेत, आत्ता कुठं अंडी सुरू झालीत, भरात यायला अजून दोन-तीन आठवडे लागतील. पण ज्या मादीला दिवसभर पळावं लागतं ती खाणार कधी आणि अंडं देणार कधी, हे पण आहेच.

आता खरा विषय. तुम्हाला वाटतंय नशिबानं नर जास्त निघाले. तसं काही नाही ओ. पिल्लं काढली की अर्धे नर असतातच, कधी दोन-तीन इकडं, दोन-तीन तिकडं. २८ मध्ये १४ नर निघाले असते तरी तुमचा प्रश्न हाच असता, कारण ११ माद्यांना पिल्लं काढायची असली तरी तीन नर पुरतात, एक जादा धरा, चार झाले. नुसती खायला अंडी पाहिजे असतील तर एकही नर नको! नर नसला तरी मादी अंडं देतेच, फक्त त्यातनं पिल्लू निघत नाही. म्हणजे इनक्युबेटरमध्ये ४० अंडी ठेवली त्या दिवशीच दहा-बारा नर जादा होणार हे ठरलेलं होतं. तो हिशोब आपण ट्रे भरताना करत नाही, पिल्लं बघून हरखतो, मग श्रावणात पत्र लिहितो. मी पण तसंच केलं होतं, म्हणून हक्कानं बोलतेय. माझी पहिली बॅच, मला पण मारवेना, म्हणलं राहू देत बिचारे, खातील दाणे. श्रावण संपेपर्यंत तीन माद्या मेल्या आणि एकीचा डोळा गेला. नरांवर दया केली ती माद्यांनी भोगली. तेव्हापासून माझ्याकडं सहा आठवड्याच्या पुढं एकही जादा नर राहत नाही.

खर्चाचा पण हिशोब बघा. मोठा लाव्हा दिवसाला २० ते २५ ग्रॅम खातो. तुमचे १३ नर जादा, म्हणजे दिवसाला सव्वातीनशे ग्रॅमपर्यंत, महिन्याला जवळजवळ दहा किलो, तुमच्याकडच्या फीडच्या दरानं गुणा आणि मालकांना दाखवा. यातली खरी गोम अशी आहे की अंड्यातनं निघाल्यापासून सहा आठवड्यापर्यंत एक लाव्हा सगळा मिळून अर्धा-पाऊण किलो खातो, आणि त्यापुढं त्याचं वजन फारसं वाढतच नाही. म्हणजे एक महिना "बघू की पुढं" म्हणत घालवला तर जवळपास पूर्ण वाढवायला लागलं तेवढंच फीड परत घातलं, आणि हातात जादा काही नाही, उलट मांस चिवट.

शेतात सोडायचं मात्र डोक्यातनं काढून टाका. मालकांना सांगा, हे जपानी लाव्हे आहेत, १९७४ ला परदेशातनं आपल्याकडं आणलेली पाळीव जात. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला दाणा शोधता येत नाही, लपता येत नाही, पहिल्या रात्रीच मुंगूस नाहीतर बोका नेतो. आणि समजा एखादा जगलाच, तर तो रानातल्या लाव्ह्यात मिसळणार, ते पण चांगलं नाही. पाऊस पडल्यावर माळावर जे लाव्हे ओरडतात ते वेगळे, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, त्यांना धरायचं पण नाही आणि आपले त्यांच्यात सोडायचे पण नाही. हेच सांगायला लागतं कारण आपल्याकडं काही जण फासे लावून रानातले धरतात आणि पाळलेले म्हणून विकतात. तुम्ही अंडी किंवा पिल्लं विकत आणली की साधी का होईना पावती घेऊन ठेवा, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला बरी.

मग श्रावणात करायचं काय? एक तर, आपल्या घरी श्रावण असला म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांचा श्रावण नसतो. बेळगावात हॉटेलवाले घेतात, गोव्याकडं माल नेणारे घेतात, हायवेचे ढाबेवाले घेतात, आधी दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा. १३ नगासाठी कोणी गाडी पाठवणार नाही, तुम्हालाच नेऊन द्यायला लागतील, म्हणून आजूबाजूला अजून कोणी पाळत असंल तर दोघांचे मिळून न्या. हुबळीकडचा कोणी असला तर कन्नडमध्ये गौजलहक्की म्हणेल, आणि पहिलं विचारेल गंडु किती, हेण्णु किती. खरं तेच सांगा. नर खपवायचे म्हणून कोणाला "जोडी घ्या, अंडी देतील" म्हणून एका मादीबरोबर एक नर चिकटवू नका, त्या मादीचं डोकं महिन्यात तुमच्या माद्यांसारखंच होतंय.

गिऱ्हाईक मिळालं नाही आणि श्रावण संपेपर्यंत थांबायचंच असलं तर नरांचा पिंजरा असा ठेवा. माद्या दिसणार नाहीत आणि शक्यतो ऐकू पण येणार नाहीत अशा कोपऱ्यात, घराच्या दुसऱ्या बाजूला. लहानपणापासून एकत्र वाढलेले नर एकत्र राहू शकतात, पण एकदा वेगळा केलेला नर परत त्यांच्यात टाकायचा नाही आणि बाहेरचा नवीन तर अजिबात नाही, लगेच मारामारी. एका नराला एक चौरस फूट तरी जागा द्या, आत दोन-तीन कौलं आडवी-तिरकी ठेवा म्हणजे मार खाणाऱ्याला लपायला जागा होते. आणि सगळ्यात महत्त्वाचा उजेड! माद्यांनी अंडी द्यावी म्हणून आपण संध्याकाळी बल्ब लावतो, त्यांना १४ ते १६ तास उजेड लागतो, पण तोच बल्ब नराला पण तापवतो. नराला उजेड आठ तासावर आणला की दोन-तीन आठवड्यात त्याचा जोर ओसरतो, भांडणं कमी होतात, ओरडणं पण कमी होतं. म्हणून संध्याकाळी चार-पाचला पिंजऱ्यावर जाड पोतं टाकायचं आणि सकाळी आठ-नऊला काढायचं. बाजूनं वारा खेळला पाहिजे, चारी बाजू गच्च बांधून टाकू नका, पावसाळ्यात आत वास कोंडला तर डोळे सुजतात. लेयर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या माद्यांचं खाद्य, त्यांना घालू नका, त्यात अंड्याच्या कवचासाठी जादा कॅल्शियम असतं ते नराला नको, साधं ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य द्या, बरोबर थोडा जोंधळ्याचा भरडा आणि शेवग्याचा पाला. आणि एवढं करून पण एखादा नर बाकीच्यांना रक्त येईपर्यंत मारतच असला तर त्याला ठेवू नका, असला एकच असतो बऱ्याचदा, आणि तो काढला की पिंजरा गप्प होतो.

ठेवायचे चार निवडताना लोक सगळ्यात दांडगा, सगळ्यात ओरडणारा निवडतात. मी उलटं बघते. पायाची बोटं सरळ, डोळे स्वच्छ, वजन बरं, पण माद्यांच्या मागं खुळ्यासारखा पळणारा नको. शिवाय तुमची सगळी ४० अंडी एकाच ठिकाणची, म्हणजे हे बहीणभाऊच असणार. यांच्यातलीच परत पिल्लं काढत गेलात तर अंडी रिकामी निघणं, पिल्लू कवचात मरणं हे वाढत जातं, लाव्ह्यात हे कोंबडीपेक्षा लवकर दिसतं. तर चारातले दोन नर दुसऱ्या कोणाकडच्या दोन नरांशी बदला. निपाणी, चिक्कोडी, चंदगड कुठले पण चालतील, फक्त आणल्यावर दोन आठवडे वेगळे ठेवा आणि मग माद्यांत सोडा.

मारायचं म्हणाल तर ताई, ज्याला होत नाही त्यानं करूच नये, अर्धवट हातानं केलं की पाखराला जास्त त्रास. चिकनवाल्याकडं न्या, करून देतो. घरी कोणी करणार असलं तर चार-पाच तास आधी दाणा बंद, पाणी चालू, सुरी एकदम धारदार, बाकीच्या पाखरांच्या समोर नाही, आणि एका झटक्यात. लाव्ह्याची पिसं काढत बसायचं नसतं, कातडीसकट मोज्यासारखी ओढून निघतात, हात बसला की एक मिनिटाचं काम. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि एक रात्र फ्रीजमध्ये राहू द्या. लोक मारल्या मारल्या चुलीवर ठेवतात आणि मग म्हणतात नर चिवट असतो! रात्रभर ठेवलेला मऊ होतो. आमच्याकडं कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरची कांदा-लसूण चटणी घालून सुकं करतात, पंधरा-वीस मिनिटं बास, चिकनसारखं अर्धा-पाऊण तास शिजवलात तर हाडाला नुसते धागे राहतात. एका माणसाला दोन नग लागतात, एकात काही होत नाही.

सासूबाईंचं मात्र मला पटतं, आणि त्यावर उपाय कॅलेंडरात आहे. अंडी ठेवल्यापासून पिल्लं निघायला १७-१८ दिवस, आणि तिथून नर खायला तयार व्हायला सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. बेरीज ६०. म्हणजे अमावस्या ते अमावस्या असे दोन महिने, एवढं सोपं! आषाढ अमावस्येच्या आत नर निघायला पाहिजे असतील तर अंडी वैशाखातल्या अमावस्येच्या चार-आठ दिवस आधी मशीनमध्ये गेली पाहिजेत. तुम्ही ठेवली ती ज्येष्ठात, मग नर तयार बरोब्बर श्रावणात. अधिक महिना मधे आला तर तेवढा धरून मोजा. गावच्या यात्रेला पाहुणे येणार असतील तर तिथून पण असंच दोन महिने मागं मोजायचं, यात्रेत १३ नर कुठं गेले ते कळत पण नाही.

प्रश्न : नर-मादी किती दिवसात ओळखता येते? आणि टोकदार अंड्यातनं नर निघतो हे खरं का? आमच्याकडं एक जण अंड्यावर दोऱ्यानं अंगठी धरून सांगतो.
— उचगाव

उत्तर : अंगठीवाल्याला २० अंडी वेगळी लिहून द्यायला सांगा आणि पिल्लं मोठी झाल्यावर मोजा, निम्मी बरोबर येतील, डोळे मिटून सांगितलं तरी निम्मी बरोबर येतात. अंड्याच्या आकारावरून नर-मादी कळत नाही आणि मशीनचं टेम्परेचर कमी-जास्त करून पण माद्या जास्त निघत नाहीत, ते करायला जाल तर पिल्लंच मरतील. साध्या तपकिरी लाव्ह्यात तिसऱ्या आठवड्यात छातीची पिसं बघा, नराची छाती विटकरी-तांबूस एकसारखी, मादीची फिकट आणि त्यावर काळे ठिपके. त्याच दिवशी नराच्या पायात रंगीत प्लास्टिकची रिंग सैल घाला, म्हणजे पुढचे तीन आठवडे कोणाचं काय करायचं ते ठरवायला मिळतात. ज्याला नरांचा तापच नको त्यानं असे छाती बघून निवडलेले तीन-चार आठवड्याचे पक्षीच विकत घ्यावे, पिल्लापेक्षा महाग पडतात, पण फुकट दाणा घालायला लागत नाही.

प्रश्न : आमचे लाव्हे पांढरे आहेत, छातीवर ठिपकेच नाहीत. मग?
— निपाणी

उत्तर : पांढऱ्यात छाती काही सांगत नाही, सहा आठवडे थांबायला लागतं. पक्षी उलटा धरून शेपटीखाली बघा, नराच्या तिथं वरच्या बाजूला लालसर फुगीर गाठ असते, हलकं दाबलं की दाढीच्या फोमसारखा पांढरा फेस येतो. मादीला ती गाठ नसते. जोरात दाबू नका.

प्रश्न : नराला खच्ची करता येतं का, म्हणजे ओरडणार नाही आणि मारायला पण नको?
— हुक्केरी

उत्तर : नको. पाखराच्या गोळ्या पोटात पाठीला चिकटून असतात, बोकडासारख्या बाहेर नसतात, आणि लाव्हा केवढा तर मुठीएवढा. घरी कोणी करतो म्हणाला तर त्याच्या हातात पक्षी देऊ नका. वर सांगितलेला आठ तास उजेडाचा उपाय हेच काम सुरीशिवाय करतो, आणि उजेड वाढवला की नर परत पहिल्यासारखा होतो.

प्रश्न : आम्ही बेळगावात शहापूर भागात राहतो, घराला घर लागून. माडीवर आठ माद्या आणि एक नर आहे. नराचा आवाज खाली तीन घरांपर्यंत जातो. नर बाजूला एकटा ठेवला तर अजूनच जास्त ओरडायला लागला, रात्री पण! असं कसं?
— बेळगाव

उत्तर : मादी दिसेना म्हणून तो हाक मारतोय, एकटा नर जास्त ओरडतो. तुम्हाला पिल्लं काढायची आहेत का ते आधी ठरवा. नसतील काढायची तर तो नर कोणालातरी देऊन टाका, माद्या होत्या तशाच अंडी देतील आणि शेजारी पण परत नीट बोलायला लागतील. काढायची असतील तरी तो बारा महिने माडीवर नको. ओळखीत खेड्यात कोणाकडं नर असंल तर तो चार-पाच दिवसांसाठी आणा, तिसऱ्या दिवसापासूनची अंडी जमवायला सुरू करा, नर परत दिल्यावर पण पुढचे चार-पाच दिवस अंडी फळलेली मिळतात. अंडी जमवताना टोक खाली करून गार जागी ठेवा, फ्रीजमध्ये नाही, आणि आठवड्याच्या वर जुनी अंडी मशीनमध्ये घालू नका. आठ माद्यांना एकच नर म्हणजे काही अंडी रिकामी निघणारच, दोन आणलात तर बरं. आणि ट्रे भरायच्या आधी खालच्या तीन घरांत कोण लाव्हा खातं ते विचारून घ्या.